गावाचे ज्ञान, गावाचे पर्यटन
सातारा व सांगली जिल्ह्यांतील काही अनुभव

पावसाचा जोर ओसरू लागला, की सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील कासचे पठार रंग पालटू लागते. उन्हाळ्यात जेथे काळसर जांभ्या दगडावाचून फारसे काही दिसत नाही, तेथे गेंदाची पांढरी, तेरड्याची गुलाबी आणि सोनकीची पिवळी फुले दूरवर पसरतात. हा सोहळा पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून आणि त्याहूनही लांबून माणसे येतात. पाहुणा गाडीतून उतरतो, फुले पाहतो, छायाचित्रे काढतो आणि परत जातो. आपण नेमके काय पाहिले, हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. आणि आपला पाय जेथे पडला तेथे पुढील वर्षी काय उगवेल किंवा उगवणार नाही, याचीही त्याला कल्पना नसते.

ग्रामीण पर्यटनाचा विचार निघाला, की रस्ते, पिण्याचे पाणी, निवास आणि स्वच्छतागृहे यांची चर्चा होते. ती आवश्यकच आहे. परंतु या सोयींइतकेच महत्त्वाचे असलेले एक साधन अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही. ते म्हणजे स्थळाविषयीचे ज्ञान. हे ज्ञान थोडे अभ्यासकांजवळ असते, थोडे शासकीय खात्यांच्या दप्तरात असते आणि फार मोठ्या प्रमाणात गावातील वडीलधाऱ्या माणसांजवळ असते. ते जोवर वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले राहते, तोवर गावाला पर्यटनापासून मिळते ती केवळ गर्दी. ते एकत्र येऊन गावाच्या हाती आले, तरच गावाला रोजगार मिळतो आणि स्थळाचेही रक्षण होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होते.

जांभ्यावरची बाग

कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. येथील जांभा दगडावर मातीचा थर अगदी पातळ आहे. काही ठिकाणी तो बोटभरही नाही. पावसात या दगडावर पाणी साचते आणि पाऊस थांबताच तो कोरडा पडतो. मोठे वृक्ष अशा जमिनीत मूळ धरू शकत नाहीत. म्हणून थोड्या आठवड्यांत रुजणाऱ्या, फुलणाऱ्या आणि बी टाकून सुकून जाणाऱ्या लहान वनस्पतींना येथे जागा मिळाली आहे. या पातळ मातीत नत्राचे प्रमाण कमी असते. ती उणीव काही वनस्पती कीटकांपासून भरून काढतात. निळ्या-जांभळ्या फुलांची ‘सीतेची आसवे’ दिसावयास नाजूक असली, तरी तिच्या मुळाशी सूक्ष्म जीव पकडणाऱ्या लहान पिशव्या असतात. ‘दवबिंदू’ या वनस्पतीच्या पानांवरील चकाकणारे थेंब हे दव नसून कीटक अडकविणारा चिकट द्राव असतो. पाणथळ जागी आढळणाऱ्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच ‘सातारेन्सिस’ असा साताऱ्याचा उल्लेख आहे. टोपली कारवीचे झुडूप पालथ्या टोपलीसारखे गोल दिसते आणि साधारणतः सात वर्षांतून एकदाच सर्वत्र फुलते.

जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे आहेत. कासची कीर्ती त्यापूर्वीच पसरू लागली होती. या घोषणेनंतर तेथील गर्दी अनेक पटींनी वाढली. वाहने पठाराच्या कडेला उभी राहू लागली. माणसे फुलांत बसू लागली, ती तोडू लागली. वर सांगितलेली हकिगत ज्याला माहीत आहे, त्याला यातील धोका लगेच उमगेल. बी धरण्यापूर्वी तुडविले गेलेले रोप पुढील वर्षासाठी काही मागे ठेवीत नाही आणि जांभ्यावरची पातळ माती एकदा दबली, की ती सहजासहजी पुन्हा मोकळी होत नाही.

यावर उपाय योजताना वन विभागाने कास, एकीव, आटाळी, कासाणी आदी गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांना बरोबर घेतले. प्रवेशशुल्क, दररोज येणाऱ्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि पठारापासून दूर वाहनतळ अशी व्यवस्था करण्यात आली. समित्यांमार्फत गावातील तरुण-तरुणींना देखरेखीचे व वाटाड्याचे काम मिळाले. या पट्ट्यातील कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत माथाडी म्हणून राबत आली आहेत. हंगामापुरते का होईना, गावातच काम मिळणे ही त्या घरांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ‘आत जाऊ नका’ असे सांगणारा पहारेकरी आणि ‘या थेंबाला हात लावू नका, त्यात कीटक अडकला आहे, जवळून पाहा’ असे सांगणारा वाटाड्या, या दोघांचे काम सारखेच आहे. परंतु पहिल्याचे सांगणे पाहुणा नाइलाजाने मानतो आणि दुसऱ्याचे आपखुशीने. कुंपण जे करू शकत नाही ते माहिती करते.

ज्ञान दोन्ही बाजूंनी वाहावे

वाटाड्याला वनस्पतीशास्त्रज्ञाने फुलांची नावे व वैशिष्ट्ये शिकवावीत, हे तर खरेच. परंतु गाव केवळ शिकणारे असते आणि बाहेरचा तज्ज्ञ केवळ शिकविणारा असतो, असे मानणे चुकीचे ठरेल. कासच्या कुंपणाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे.

गर्दीपासून फुलांचे रक्षण व्हावे या हेतूने पठाराच्या बाजूने जाळीचे कुंपण घालण्यात आले आणि गुरांची चराईही थांबली. कालांतराने फुलांचे प्रमाण घटत असल्याची तक्रार ऐकू येऊ लागली. स्थानिक ग्रामस्थांचे म्हणणे असे, की पूर्वी गुरे चरत तेव्हा उंच वाढणारे गवत खाल्ले जाई, जमिनीला शेणखत मिळे आणि लहान रोपांना ऊन लागे. चराई बंद झाल्यावर गवत माजले आणि फुलांची जागा आक्रसली. जनावरांच्या जाण्या-येण्यालाही कुंपणाने अडथळा होत असे. या सर्व गोष्टींचा विचार होऊन पुढे कुंपण काढून टाकण्यात आले. चराई किती असावी, कोणत्या महिन्यात असावी, हे प्रश्न काळजीपूर्वक पाहणी करूनच सोडवावे लागतील. पण पठारावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे वळणाऱ्या माणसाच्या निरीक्षणाला अभ्यासकाच्या नोंदवहीत स्थान असले पाहिजे, एवढे यावरून निश्चित होते.

अशा निरीक्षणांचा साठा मोठा आहे. कारवीच्या काठ्यांचे कूड कसे बांधीत, चवराच्या कंदातील पिठूळ सत्त्व कसे काढीत, कारवी फुलली की मधाचा हंगाम कसा जाई, या गोष्टी डोंगरी गावांतील वृद्धांना ठाऊक आहेत. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर या गावाने अशा ज्ञानाचेच साधन केले. मधमाशापालनाची परंपरा असलेले हे गाव मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे त्याला साहाय्य लाभले. जो पाहुणा एरवी बाजारातून मधाची बाटली घेऊन गेला असता, त्याला सातेरी माशी पेटीत कशी राहते, पोळ्यातून मध कसा काढतात आणि जंगल राखले नाही तर मध का मिळणार नाही, हे तेथे समजू शकते.

लिंबच्या विहिरीची साक्ष

निसर्गाप्रमाणेच इतिहासाचेही आहे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना महामार्गापासून थोड्या अंतरावर लिंब हे गाव लागते. तेथील ‘बारा मोटेची विहीर’ छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, इ. स. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधविली. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची ही अष्टकोनी विहीर असून तिच्या मधल्या भागात एक छोटा महालच बांधलेला आहे. एकाच वेळी बारा मोटा चालत, म्हणून तिला हे नाव पडले.

शहरातून आलेल्या विद्यार्थ्याला ही माहिती फलकावरून मिळेल. परंतु मोट म्हणजे काय, हे त्याला फलक कितपत सांगणार? चामड्याची मोट, तिला बांधलेला नाडा आणि सोंदूर, बैल जिच्यावरून पुढे-मागे चालत ती उतरती धाव, पाणी जेथे ओतले जाई ते थारोळे, हे शब्द ज्यांच्या तोंडी होते आणि ज्यांनी स्वतः मोट हाकली, अशी माणसे आता खेडोपाडी थोडीच उरली आहेत. विजेचा पंप आल्यावर मोट गेली आणि तिच्याबरोबर हे शब्दही चालले. विहिरीचे दगड आणखी काही शतके टिकतील; ती कशी चालत असे हे सांगणारी माणसे मात्र टिकणार नाहीत. त्यांचे सांगणे आजच लिहून वा ध्वनिमुद्रित करून ठेवले नाही, तर पुढील पिढीच्या वाटाड्याकडे तारखा असतील, पण विहिरीचे जिवंत वर्णन नसेल.

जेथे खरी माहिती नसते, तेथे रचलेल्या गोष्टी शिरतात, हाही सर्वत्र येणारा अनुभव आहे. प्रत्येक भुयार पुढच्या किल्ल्यापर्यंत जाते, प्रत्येक जुना वाडा एका रात्रीत बांधला जातो! आख्यायिकेला गावाच्या जीवनात स्थान आहे आणि ती सांगण्यास हरकत नाही. परंतु आख्यायिका ही आख्यायिका म्हणून आणि इतिहास हा इतिहास म्हणून सांगितला जावा, एवढी शिस्त वाटाड्याने पाळली पाहिजे.

एका गावाचे पाहून दुसरे

पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधील भिलार हे गाव स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध होते. ४ मे २०१७ रोजी या गावाला ‘पुस्तकांचं गाव’ अशी नवी ओळख मिळाली. राज्य शासनाच्या मराठी भाषा विभागाचा हा उपक्रम असून राज्य मराठी विकास संस्थेने तो राबविला. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावाची कल्पना त्यामागे होती. मात्र दोहोंत मोठा फरक आहे. हे-ऑन-वाय हे जुन्या पुस्तकांच्या दुकानांचे गाव. भिलार हे वाचनाचे गाव. येथे पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. आरंभी २५ ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तके ठेवण्यात आली. ही ठिकाणे म्हणजे स्वतंत्र इमारती नव्हेत. ती आहेत गावकऱ्यांची घरे, निवासगृहे, शाळा आणि मंदिरे. कोठे कादंबरी, कोठे कविता, कोठे बालसाहित्य, कोठे इतिहास, अशी साहित्यप्रकारांनुसार विभागणी करण्यात आली. शासनाने पुस्तके, कपाटे व बैठकीचे साहित्य दिले. जागा दिली ती गावाने.

या योजनेचे मर्म येथेच आहे. परका वाचक दारात आला, की घरातील माणसांना त्याच्याशी बोलावे लागते, आपल्या घरातील पुस्तकांची ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी आधी स्वतः ती चाळावी लागतात. पर्यटनाच्या निमित्ताने ज्ञान आधी यजमानाच्या घरी मुक्कामाला येते आणि मग पाहुण्याकडे जाते.

भिलारचा अनुभव भिलारपुरता राहिला नाही. २०२२ च्या सुमारास या योजनेचा विस्तार करताना वेरूळ, नवेगाव बांध आणि पोंभुर्ले यांच्याबरोबर सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातील अंकलखोप या कृष्णाकाठच्या गावाची निवड झाली. ही निवड सार्थ होती. अंकलखोपच्या लगतच औदुंबर हे दत्तक्षेत्र आहे. कवी सुधांशु औदुंबरचेच. मकरसंक्रांतीच्या दिवशी तेथे भरणाऱ्या सदानंद साहित्य संमेलनाची परंपरा कित्येक दशकांची आहे. तथापि भिलार हे थंड हवेच्या ठिकाणाजवळचे, निवासाच्या सोयी असलेले गाव. अंकलखोप हे ऊस व भाजीपाला पिकविणाऱ्या पट्ट्यातील, यात्रेकरूंच्या वाटेवरचे गाव. पहिल्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडत नाही. वाचकांची नोंद कशी ठेवावी, पावसाळ्यात पुस्तके दमटपणापासून कशी जपावीत, ज्या घरी पुस्तके आहेत आणि ज्या घरी नाहीत त्यांच्यात दुजाभाव कसा टाळावा, यांविषयी एका गावाने दुसऱ्याला सांगावे. बाकीचे ज्याने त्याने आपल्या परिस्थितीनुसार ठरवावे. ग्रामपंचायत सदस्यांच्या अभ्याससहलींचा खरा उपयोग हाच होय.

माणसांनी उभे केलेले वन, माणसांनी जपलेली कला

अंकलखोपपासून फार दूर नसलेले सागरेश्वर अभयारण्य हे सांगली जिल्ह्याचे आणखी एक भूषण. सुमारे ११ चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र मुळात घनदाट अरण्य नव्हते. ओसाड डोंगरांवर वृक्षलागवड करून, लोकांचा सहभाग मिळवून हे वन उभे करण्यात आले; त्यामागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे परिश्रम होते. १९८५ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. जवळच सागरेश्वराची प्राचीन मंदिरे आहेत आणि यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रेही येथेच आहे. येणाऱ्या पाहुण्याला केवळ ‘हरणे पाहा’ असे सांगितले, तर ती कोठेही पाहता येतात. उघडा डोंगर हिरवा कसा झाला, ही हकिगत मात्र येथेच ऐकावयास मिळेल. आणि हरणांमुळे भोवतालच्या शेतकऱ्यांच्या पिकांचे नुकसान होते, ही तिची दुसरी बाजूही पाहुण्यापासून लपविण्याचे कारण नाही. वन्यजीव आणि शेती यांचा मेळ घालणे किती कठीण आहे, हे समजून परतलेला पाहुणा अधिक जबाबदार नागरिक होईल.

मिरजेची कथा हातातील विद्येची आहे. तंतुवाद्ये तयार करणारी येथील घराणी एकोणिसाव्या शतकापासून हे काम करीत आहेत. भोपळा वाळविणे, कापणे, त्यावर लाकडाची तबकडी बसविणे, नक्षीकाम आणि शेवटी जवारी काढणे, ही प्रत्येक पायरी कानाच्या व हाताच्या सरावाने येते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते आणि त्यांच्या स्मरणार्थ येथील दर्ग्यात दरवर्षी संगीतसभा भरते. मिरज हे शहर असले, तरी ग्रामीण कारागिरांना त्यापासून शिकण्यासारखे आहे. वस्तू विकत घेणारा तिची किंमत करतो. ती घडताना पाहणारा तिचे मोल जाणतो. कुंभार, घोंगडी विणणारा, गुऱ्हाळ चालविणारा, या सर्वांना हेच सूत्र लागू पडते.

काय करता येईल

यासाठी मोठ्या खर्चाची योजना लागतेच असे नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. ही नोंदवही कपाटात ठेवण्यासाठी नाही. तिच्यातील वनस्पती, प्राणी, पिकांचे स्थानिक वाण आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांच्या नोंदी वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचल्या जाव्यात व दुरुस्त केल्या जाव्यात. तिच्या जोडीला गावातील देवळे, विहिरी, शिलालेख, वीरगळ, यात्रा, कारागीर आणि खाद्यपदार्थ यांची वेगळी माहितीवही करता येईल.

येथे शिक्षकाचे स्थान मोलाचे आहे. सातवी-आठवीचे विद्यार्थी सुटीच्या दिवसांत आपल्या आजी-आजोबांकडून शब्द, गोष्टी, जुन्या पायवाटा व पाणवठे यांची माहिती मिळवू शकतात. शिक्षकाने ती तपासून, जाणकारांना दाखवून वहीत उतरवावी. असा विद्यार्थी पुढे वाटाड्या झाला, तर त्याला पाठांतराची गरज उरणार नाही.

अधिकाऱ्यांकडून अपेक्षा आहे ती दप्तरातील माहिती गावाच्या भाषेत देण्याची. वन, पुरातत्त्व, कृषी आणि महसूल या खात्यांकडे नकाशे, पाहण्या व अहवाल असतात. त्यांतील ज्या गोष्टी सांगण्यास हरकत नाही, त्या सोप्या मराठीत दोन पानांत लिहून ग्रामपंचायतीला दिल्या, तरी बरेच काम होईल. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्यातील नोंदणीच्या अटी व सवलती शेतकऱ्याला समजावून सांगणे हेही ज्ञानदानच होय.

काय सांगू नये, हेही ठरवावे

ज्ञान वाटावे हे खरे. पण सर्व ज्ञान सर्वांसाठी नसते. दुर्मीळ कंदीलपुष्प नेमके कोठे उगवते, घुबडाचे घरटे कोणत्या कड्यावर आहे, औषधी मूळ कोणत्या ओढ्याकाठी मिळते, हे जाहीर केल्यास ते खणून वा लुटून नेणारे हात तेथे पोहोचण्यास वेळ लागत नाही. कायद्यानेही अशा पारंपरिक ज्ञानावरील गावाचा हक्क आणि त्याच्या व्यापारी उपयोगातील गावाचा वाटा मान्य केला आहे. यास्तव कोणती माहिती फलकावर लिहावयाची, कोणती वाटाड्याने सोबत असतानाच दाखवावयाची आणि कोणती वहीतच ठेवावयाची, याचा निर्णय ग्रामसभेने विचारपूर्वक करावा.

जमीन विकली जाऊ शकते. महाबळेश्वर-पाचगणी परिसरात बांधकामांचा ताण एवढा वाढला, की २००१ मध्ये तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित करावा लागला. ज्या गावाने केवळ जागा पुढे केली, त्या गावातील तरुण उद्या स्वतःच्याच शिवारात दुसऱ्याच्या उपाहारगृहात वाढपी म्हणून उभा राहण्याचा संभव असतो. ज्या गावाने आपले ज्ञान जपले आणि ते आपल्याच माणसांच्या तोंडून सांगितले, त्या गावाला यजमानाचे स्थान मिळते. पठारावरच्या फुलाचे नाव सांगणारा, विहिरीची मोट कशी चाले हे समजावणारा, पुस्तकाचे कपाट उघडून पाहुण्याला बसावयास सांगणारा माणूस गावचाच असावा. तशी माणसे तयार करण्याचे काम येत्या हंगामाची वाट न पाहता, गावातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसण्यापासून सुरू करता येईल.